घरपट्टीचा आडोसा गेला, त्याची गोष्ट

गेले काही महिने इनबॉक्समध्ये एकच प्रकार जास्त येतोय. घरपट्टीच्या बिलाचा फोटो, आणि खाली एक ओळ : "भाऊ, हे एवढं कसं वाढलं?" कुणी नगर शहरातून पाठवतंय, कुणी तालुक्याच्या गावातून. एकाने तर मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटचं बिल पाठवलं. प्रत्येकाला उत्तर देणं जमेना, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, "दरवाढ रद्द करा" असं मी लिहिणार नाही. "गुपचूप भरा" असंही नाही. घरपट्टी आज अशी अंगावर का येते, हे समजायला जरा मागं जावं लागतं. जरा म्हणजे दोनशे वर्षं.

सुरुवात नगरमध्ये नाही, बनारसला आहे. १८१० मध्ये कंपनी सरकारनं बनारस, पाटणा अशा शहरांतल्या घरांवर आणि दुकानांवर भाड्याच्या हिशेबानं कर बसवला. बनारसच्या लोकांनी काय केलं? लोहारांनी काम टाकलं, मग बाकीचे कारागीर, व्यापारी त्यांच्यामागं गेले. दुकानं बंद झाली आणि हजारो माणसं घरं सोडून शहराबाहेर उघड्यावर जाऊन बसली. जमिनीवर सरकार सारा घेतं ते ठीक, पण राहत्या घरावर कसला कर, हा त्यांचा सवाल होता. सरकारनं लष्कर आणलं, हुकूम काढले, सवलती दिल्या. शेवटी १८१२ मध्ये कर मागं घेतला. आपल्या इतिहासातलं घरपट्टीविरुद्धचं हे मोठं आंदोलन. गांधीजींचा जन्म व्हायला तेव्हा अर्धशतकाहून जास्त वेळ होता.

कंपनीनं यातून धडा घेतला. माणसाच्या घराला हात लावला की तो रस्त्यावर येतो.

आता आपल्याकडं येऊ. पेशवाईत आपल्या भागात शहरी माणूस करमुक्त होता असं समजू नका. कारागिरांवर, दुकानदारांवर मोहतर्फा होता, काही ठिकाणी तो घरावरही पडायचा. बलुतेदारांवर पट्टी होती. मालावर जकात तर होतीच. माल भरताना थळभरीत, उतरवून विकताना थळमोड. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडं गेला तेव्हा हे सगळं त्यांनी आयतंच उचललं.

मग १८४४ साल आलं. मुंबई इलाख्यात कंपनीनं एका कायद्यानं शहर जकात, मोहतर्फा, बलुत्यावरची पट्टी, धंद्यांवरचे असले सगळे कर एकदम उठवले. ऐकायला किती छान! पण सरकार एका हातानं सोडतं तेव्हा दुसरा हात कुठं आहे ते बघावं. त्याच वर्षी मिठावरची जकात मणाला आठ आण्यांवरून एक रुपया करण्यात आली. सुरतेत लोक खवळून रस्त्यावर आले, तेव्हा ती बारा आण्यांवर आणली. बारा आणे म्हणजे मूळच्या दीडपट. कारागिराचा दिसणारा कर गेला आणि न दिसणारा कर प्रत्येकाच्या भाकरीवर आला.

ही युक्ती लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच युक्तीची आहे.

१८४४ नंतर शहरांकडं स्वतःचा पैसाच उरला नाही. रस्ते, दिवाबत्ती, गटारं कुठून करायची? म्हणून १८५० चा सव्विसावा कायदा आला. बनारसचा धडा त्यात दिसतो. सरकार कुठल्याही शहरावर नगरपालिका लादणार नव्हतं. गावातल्या लोकांनी अर्ज करायचा, आम्हाला नगरपालिका पाहिजे म्हणायचं, आणि कर कसा घ्यायचा तेही त्यातूनच ठरायचं. नगरची नगरपालिका १८५४ ची. म्हणजे देशातल्या जुन्या नगरपालिकांत आपला नंबर वरचा आहे. मुंबईत महापालिकेचा कायदा १८८८ चा, हे शेजारी ठेवून बघा म्हणजे आपलं वय कळेल.

पण कर कोणता घ्यायचा? बंगाल आणि मद्रासकडच्या नगरपालिकांनी मुख्यतः घरावरचा कर धरला. मुंबई इलाख्यातल्या बहुतेक शहरांनी जकात धरली. कारण उघड होतं. घरपट्टी मागायला दारात जावं लागतं, भांडण होतं. आणि नगरपालिकेत बसणारी माणसं कोण? वाड्यांचे मालक, व्यापारी, वकील. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, पुढं निवडणुका आल्या, पण मत कुणाला? कर भरणाऱ्याला, मिळकत असणाऱ्याला. आता मिळकतवाल्यांनी निवडलेले मिळकतवाले स्वतःच्या मिळकतीवर जास्त कर कशाला बसवतील? त्यापेक्षा वेशीवर नाका बसवा. धान्य, तेल, कापड, जे आत येईल त्यावर घ्या. व्यापारी तो कर भावात मिसळणार आणि भरणार शेवटी हातगाडीवाला न् मजूर. त्याला कळतही नाही की आपण कर भरला.

मी याला आडोसा म्हणतो. दीडशे वर्षं आपली शहरं जकातीच्या आडोशाला बसून घरपट्टी टाळत आली.

चाळिशीच्या पुढच्यांना जकात नाके आठवत असतील. रस्त्यावर आडवा बांबू, ट्रकच्या रांगा, पावत्यांची पुस्तकं, आणि पावतीशिवाय सुटणाऱ्या गाड्यांच्या चर्चा. जकात वाईट होती, गाडी अडवणारी होती, भ्रष्टाचाराचं कुरण होती. सगळं खरं. पण तिचा एक गुण होता. महागाई वाढली की ती आपोआप वाढायची आणि रोज संध्याकाळी रोकड तिजोरीत यायची. त्यामुळं घरपट्टी वाढवायचं अप्रिय काम कुठल्याच सभागृहाला करावं लागलं नाही.

घरपट्टी गोठायला आणखी एक कारण होतं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. भाडे नियंत्रण कायदा.

घरपट्टी ठरते कशी ते आधी बघू. सोपं आहे. समजा, पालिकेनं तुमच्या घराचं भाडं महिना १००० रुपये येईल असं धरलं. वर्षाचं झालं १२००० रुपये. दुरुस्तीसाठी १० टक्के वजा. उरले १०८०० रुपये. हे करयोग्य मूल्य. या रकमेवर टक्केवारीनं सामान्य कर, सफाई, पाणी, वृक्ष, अग्निशमन असे एकेक कर लागतात. म्हणजे खरा खेळ टक्केवारीत नाही, "भाडं किती धरलं" यात आहे.

आता १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. त्याला प्रमाण भाडं म्हणायचे. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना वाचवायला तो कायदा गरजेचाच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पन्नास वर्षं टिकला. पुढं सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की घरपट्टीसाठी धरलेलं भाडं प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे माळीवाड्यातल्या किंवा कापड बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्याची घरपट्टी १९४० च्या भावानं, आणि सावेडीत कर्ज काढून नवा फ्लॅट घेतलेल्या शिक्षकाची घरपट्टी आजच्या भावानं. गाव एक, पालिका एक, आणि कराचं मोजमाप दोन पिढ्यांचं.

हा रोग फक्त आपला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९७८ मध्ये लोकांनी मतदान करून घरपट्टी गोठवली. घर विकलं जाईपर्यंत त्याचं मूल्य वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही, असा नियम झाला. परिणाम काय? शेजारीशेजारी एकसारखी दोन घरं, जुन्या मालकाला कर थोडा, नव्याला कित्येक पट. आणि घरपट्टीत जे मिळेना ते सरकार दुसऱ्या करांतून, शुल्कांतून काढू लागलं. गोठवलेला कर स्वस्त नसतो. तो दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून जातो.

तर असं हे गाडं जकातीवर चाललं होतं. मग आडोसा पडायला लागला.

१९९९ मध्ये राज्य सरकारनं नगरपालिकांची जकात बंद केली. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव अशा सगळ्या पालिका त्या दिवसापासून सरकारी अनुदानावर आल्या. महापालिकांना जकातीची वाट मोकळी होती. ३० जून २००३ ला नगरची महापालिका झाली आणि आपण त्या रांगेत गेलो. २०१० पासून राज्यात टप्प्याटप्प्यानं जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला, तो नगरलाही लागू झाला. व्यापाऱ्यांनी विरोध केला, बंद पाळले. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला. नगरसारख्या शहरात असे व्यापारी म्हणजे जवळजवळ सगळेच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राहिलंसाहिलंही संपलं. मुंबईची जकातही त्याच दिवशी गेली.

बदल्यात काय मिळालं? नुकसानभरपाई. राज्यानं कायदा करून महापालिकांना दरमहा रक्कम देणं सुरू केलं, दरवर्षी ८ टक्के वाढीसह. वाईट नाही. ट्रकच्या रांगा गेल्या, वेळेवर पैसा आला. पण फरक समजून घ्या. जकात हे आपल्या शहराचं स्वतःचं उत्पन्न होतं. भरपाई मुंबईहून येते. ती किती, कधी आणि कुठपर्यंत, हे नगरचं सभागृह ठरवत नाही. दीडशे वर्षांच्या कमावत्या माणसाला आपण महिन्याच्या पाकिटावर आणलं.

आणि खर्च? तो कुणाचं ऐकत नाही. पगार आणि पेन्शन. मग पाणी. आपल्या शहराचं पाणी मुळा धरणातून मुळानगरला उपसलं जातं, विळदला येतं, तिथून पुन्हा चढवून वसंत टेकडीला. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, वडगावकडून खापरी नळांनी पाणी उतारानं शहरात यायचं, विजेचं बिल नव्हतं. आता प्रत्येक हंडा विजेवर चढतो. वीजबिल थकलं की महावितरणची नोटीस, आणि नळाला पाणी नाही. केंद्राची, राज्याची योजना आली की तिच्यात पालिकेचा स्वहिस्सा घालावा लागतो. तो नसेल तर ठेकेदार थांबतो आणि खोदलेला रस्ता तसाच राहतो.

उत्पन्नाच्या बाजूला आपल्या शहराची आणखी एक अडचण आहे. शेजारीच मोठी लष्करी छावणी आहे, भिंगारला वेगळं कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. राज्यघटनेच्या २८५ व्या कलमानुसार केंद्राच्या मालमत्तांवर पालिका कर लावू शकत नाही. देशासाठी ते योग्यच, पण शहराच्या वहीत तेवढी जागा कोरी राहते.

वरून दिल्लीचा रेटा आहे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी अट घातली : शहरांना अनुदान पाहिजे असेल तर राज्यानं घरपट्टीचे किमान दर जाहीर करावेत, आणि घरपट्टीची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगानं वाढलेली दाखवावी. थोडक्यात, आधी तुमची घरपट्टी वाढवा, मग आमच्याकडं या.

खेड्यातल्या मित्रांनी हसू नये. तुमच्याकडंही डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलले. आधी चौरस फुटावर सरसकट दर होता, तो उच्च न्यायालयात टिकला नाही, आणि आता घराच्या भांडवली मूल्यावर घरपट्टी आहे. म्हणजे रेडीरेकनर चढला की तुमचाही आकडा चढणार.

आता कळलं, बिल का वाढलं? जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला. उरली एकटी घरपट्टी. आणि ती वर्षानुवर्षं न वाढवता ठेवलेली. म्हणून वाढते तेव्हा एकदम वाढते.

एकदम वाढली की काय होतं ते शेजारी बघा. नाशिकमध्ये २०१८ साली आयुक्त तुकाराम मुंढे यांनी भाडेमूल्याचे दर मोठ्या प्रमाणात वाढवले, मोकळ्या जमिनीही त्यात आल्या. शेतकरी, रहिवासी, नगरसेवक सगळे उठले. अविश्वास ठरावापर्यंत गोष्ट गेली, दर कमी करावे लागले, आणि त्याच वर्षी आयुक्तांची बदली झाली. पुण्यात १९७० पासून स्वतः राहणाऱ्या घरमालकाला ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणातल्या आक्षेपानंतर ती काढली, लोकांना फरकाची बिलं गेली, आरडाओरड झाली, आणि २०२३ मध्ये सरकारनं सवलत परत दिली. दोन्हीकडं शहाणपणाचा मधला रस्ता कुणी काढलाच नाही. आधी वर्षानुवर्षं झोप, मग एकदम दणका, मग माघार. पैसा गेला तो गेलाच, लोकांचा विश्वासही गेला.

आणि शास्ती? थकबाकीवर महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. सावकारी वाटावी असा दर. पण भरतंय कोण? मार्च आला की शास्तीमाफीची योजना येते. निवडणूक जवळ असेल तर नक्कीच. मी वीसेक वर्षं अर्थसंकल्पाच्या सभा कव्हर केल्यात. तिथं थकबाकीचा आकडा वाचला जातो तेव्हा सगळे मान डोलावतात, आणि सगळ्यात मोठ्या थकबाकीदारांची यादी मागितली की सभागृहात शांतता पसरते. एप्रिलमध्ये रांगेत उभं राहून सवलतीसाठी वेळेवर भरणारे कोण असतात? पेन्शनर, शिक्षक, विधवा बायका. दहा वर्षं न भरणारा माफीत सुटतो आणि वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो. मग पुढची वाढ कुणावर पडते? जो भरतो त्याच्यावरच. कारण त्याचाच पत्ता माहीत असतो.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं. डिसेंबर २०२३ मध्ये नगरच्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहरावर प्रशासक होते. कायद्यानं कराचे दर दरवर्षी २० फेब्रुवारीच्या आत महापालिकेनं, म्हणजे सभागृहानं ठरवायचे. दोन वर्षं सभागृहच नव्हतं. प्रशासकांनी चांगलं केलं की वाईट, हा माझा मुद्दा नाही. १८५४ मध्ये इंग्रजांच्या राज्यातसुद्धा गावाचा अर्ज असल्याशिवाय नगरपालिका नव्हती. आणि स्वतंत्र भारतात दोन वर्षं शहराच्या कराचे निर्णय एकही निवडून आलेला माणूस समोर नसताना झाले.

आता सभागृह आहे. तेव्हा मागायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी.

एक. वाढ करायची तर थोडी थोडी आणि नेमानं करा. ठरलेल्या वर्षांनी, ठरलेल्या मर्यादेत, आधी सांगून. वीस वर्षांची वाढ एका बिलात नको.

दोन. आधी मोजमाप, मग दर. किती इमारतींची नोंदच नाही, किती घरं कागदावर राहती आणि प्रत्यक्षात दुकानं आहेत, हे उघड करा. मोठ्या थकबाकीदारांची नावं प्रभागवार फलकावर लावा. सरसकट शास्तीमाफी बंद. गरिबाला, विधवेला, बंद घराला सवलत द्या, पण ती नियमात लिहून. फोनवर नको.

तीन. आमच्या पैशाचं काय झालं ते प्रभागवार सांगा. माझ्या प्रभागातून एवढी घरपट्टी जमली, एवढी खर्च झाली, यावर. एक पान पुरे. आणि बिलात शिक्षण कर, बिगरनिवासी मिळकतींवर रोजगार हमी कर असतो, तो राज्याचा असतो, महापालिका फक्त गोळा करते. हेही बिलावर ठळक लिहा. लोकांना वाटतं सगळं महापालिकेनंच खाल्लं.

आणि आपण काय करायचं? बिल आलं की भाडेमूल्य किती धरलंय, क्षेत्रफळ किती, वापर कोणता लिहिलाय, बांधकाम कुठल्या वर्षाचं दाखवलंय, हे चार रकाने बघा. चूक असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर संताप टाकून करयोग्य मूल्य कमी होत नाही. मुदत गेली की पुढं न्यायालय, आणि तिथं आधी रक्कम भरून मग दाद मागावी लागते.

मला विचाराल तर घरपट्टी हा वाईट कर नाही. जकातीसारखा तो लपलेला नाही. कुणाच्या भाकरीत मिसळलेला नाही. तो दारात येतो, कागदावर येतो, म्हणून त्याचा हिशेब मागता येतो. आपल्या शहराच्या हातात स्वतःचा म्हणावा असा हाच एक मोठा कर उरलाय. तोही गेला तर नगरची महापालिका म्हणजे मुंबई-दिल्लीच्या पैशावर चालणारं एक कार्यालय, एवढंच राहील. बनारसची माणसं घर सोडून बसली कारण त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. आपल्याला विचारायला माणसं निवडून दिलीत. त्यांना विचारा.

शेवटी एक काम सांगतो. घरातल्या पेटीत, आजोबांच्या फायलीत घरपट्टीची सगळ्यात जुनी पावती असेल ती काढा. तिच्यावरचं वर्ष आणि रक्कम खाली कॉमेंटमध्ये लिहा. नाव, पत्ता, घर नंबर नको. फक्त वर्ष, भाग आणि रक्कम. आणि शेजारी यंदाची रक्कम. माळीवाडा, झेंडीगेट, सावेडी, केडगाव, नागापूर-बोल्हेगाव, सगळीकडून येऊ द्या. पुढच्या अर्थसंकल्पी सभेच्या आधी ती यादी आपल्या नगरसेवकांच्या हातात देऊ.